गोमुखापाशी कापायचं

गुरुजींनी गुंडाळी छापखान्यात आणली तेव्हा मला ती लग्नातली सतरंजी वाटली. जुन्या छत्र्यांचं काळं कापड जोडून शिवलेल्या पिशवीत घातलेली, हातभर उंच आणि कवेत मावणार नाही इतकी जाड. मी जुळवत असलेल्या लग्नपत्रिकांवरच त्यांनी ती ठेवली आणि धापा टाकत म्हणाले, "माय, हे पुस्तकात घालायचंय."

"सगळं?"

"सगळं. आन् मधून तोडायचं न्हाई."

मी हिंगोलीत एका छापखान्यात पानं लावते. म्हणजे मजकूर कुठं सुरू होईल, चित्र कुठं बसेल, समास किती सुटेल, हे संगणकावर ठरवते. सेनगाव तालुक्यातलं साखरा हे आमचं गाव, तिथल्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. केलं, मराठी घेऊन, आणि कुणाच्या शिफारशीनं नाही केलं. हे मी मिरवते, कारण मिरवण्यासारखं आहे. बाकी कामात मिरवण्यासारखं फार नसतं. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, पतसंस्थांचे अहवाल. वर्षाकाठी एखादं पुस्तक येतं, तेवढ्यापुरती मान ताठ होते. एरवी ती दुखतच असते.

एकदा बाबांना मी लावलेलं पुस्तक दाखवलं होतं. त्यांनी ते शेतातली माती चाचपावी तसं चाचपलं. "लिहिलं दुसऱ्यानं, चित्रं तिसऱ्यानं काढली, छापलं मशीननं. मंग तू काय केलंस?" मी म्हटलं, "कुठं काय ठेवायचं ते मी ठरवलं." बाबा हसले. "ते तर तुझी माय रोजच करती."

गुरुजी निवृत्त चित्रकला शिक्षक. गाव सेनगाव तालुक्यातलंच, नाव लिहीत नाही, गावाला राग येईल. गावात एक लहानसं हेमाडपंती देऊळ आहे महादेवाचं. औंढ्याच्या नागनाथापुढं ते लेकरूच, पण त्याच्या ओट्याला खालून हत्तींची रांग आहे आणि हत्तींच्या वर माणसांची. ढोलकीवाला, नाचणाऱ्या बाया, कडेवर मूल घेतलेली एक, शिकारी, मध्येच त्रिशूळवाला महादेव. निम्म्यांची तोंडं झिजलेली. निवृत्तीनंतर गुरुजींनी भिंतीला कागद लावून पेन्सिलीनं घासून घासून सगळ्या ओट्याचा ठसा घेतला होता आणि त्यावर शाईनं रेषा ओढल्या होत्या. कागदाला कागद चिकटवत ते दारापासून दारापर्यंत पूर्ण देवळाला फिरून आले होते. भिंतीवर जेवढं, तेवढंच कागदावर.

"उलगडून दाखवता का?" मी म्हटलं, आणि फसले.

गुंडाळी माझ्या टेबलापासून निघाली, मशीनच्या खोलीतून गेली, दारातून बाहेर पडली आणि ओसरीवरून शेजारच्या फ्लेक्सच्या दुकानापर्यंत पोचली. मालक आतल्या खोलीत होते, त्यांच्या दारातून पट्टी आडवी गेलेली. चहावाला ट्रे घेऊन आला आणि थबकला. देवाचं चित्र, ओलांडणार कोण? तो उंबऱ्याबाहेर, मालक आत.

"गुरुजी, गुंडाळा हो! मला बँकेत जायचंय!"

"जा की."

"कसा जाऊ? देवावरून उडी मारू?"

गुरुजी कुणाकडे लक्ष देत नव्हते. ते पार बाहेरच्या टोकाशी गेले आणि तिथून पट्टी उजव्या हाताला ठेवून एकेक पाऊल टाकत आत येऊ लागले. चित्राची सुरुवात इकडं डावीकडं, माझ्या पायाशी आहे, हे तिकडून काहून चालून राहिले, असं मनात आलं आणि गेलं. तिथंच विचारलं असतं तर माझे दीड महिन्याचे कष्ट वाचले असते.

फ्लेक्सवाला दुकानातून मान काढून बघत होता. "गुरुजी, पुस्तक कशाला? एकच लांबलचक फ्लेक्स मारून देतो. खाली शुभेच्छुकांचे फोटो."

"तू वाढदिवस छाप," गुरुजी म्हणाले.

चहा झाल्यावर त्यांनी खरी गोष्ट सांगितली. देवस्थान समितीनं ओट्याला टाइल्स बसवायचं ठरवलं होतं. आधी अंगणात काँक्रीट, मग ओट्याला खालपासून वरपर्यंत टाइल्स. हत्ती आणि माणसं त्याच्याखाली जाणार. गुरुजी बोलून बोलून थकले होते. "मी बोललो की म्हणतात, मास्तर, दगडं फुटलेली हायेत, तेल गळतं, शेवाळ धरतं, बाया घसरून पडतात. ते बी खोटं न्हाई. त्यांना ती रांग सबंध कधी दिसलीच न्हाई, माय. तेलाखाली, शेंदराखाली हाय ती. सबंध दिसली तर हात आखडतील." शिवरात्रीला सगळं गाव देवळात असतं. त्याच्या बऱ्याच आधी पुस्तक गावात पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

दिवाळी नुकतीच झाली होती. मला वेळ भरपूर वाटला.

आमच्याकडचा स्कॅनर लहान. गुंडाळी टप्प्याटप्प्यानं सरकवत मी ती संगणकात घेतली, मग तुकड्याला तुकडा जोडत बसले. हत्तीची सोंड एका तुकड्यात आणि कपाळ दुसऱ्यात. डोळ्यांतून पाणी यायचं. मधूनच मालकांची हाक: "मॅडम, पत्रिकेतल्या मामांची नावं राहिली!" हत्ती सोडून मामांकडे जायचं.

जोडून झालं तेव्हा खरा प्रश्न समोर आला. साध्या आकाराचं पुस्तक, आणि त्यात एवढी लांब पट्टी. आधी मी ती सबंध समोरासमोरच्या दोन पानांत बसवून पाहिली. हत्तींच्या मुंग्या झाल्या. आडवी करून पाहिली, तर चार पानांनंतर पुस्तक गरागरा फिरवायचा कंटाळा येतो, मलाच आला. मग घडीच्या पानाचं डोक्यात आलं, उलगडत जाईल असं. आमचे बाइंडर चाचा, आयुष्यभर पुस्तकं शिवलेले, त्यांनी माप ऐकलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, ये किताब नहीं है. साड़ी है."

तोडण्यावाचून इलाज नव्हता. पण तोडण्यातही रीत असते. समोरासमोरच्या दोन पानांच्या मध्ये शिवण येते आणि तिथं कागद आत वळतो. त्या खोबणीत गेलेलं दिसत नाही. एका स्मरणिकेत आम्ही सत्कारमूर्तींचं नाक तिथं घालवलं होतं, ते गृहस्थ अजून छापखान्यावरून जाताना तोंड फिरवतात. म्हणून मी प्रत्येक तुकडा असा धरला की शिवण दोन हत्तींच्या मधल्या मोकळ्या दगडात यावी. पान उलटलं की मागच्या तुकड्याची बोटभर कड पुढच्या पानावर परत यावी, म्हणजे नजरेला धागा सापडतो. हे मला कुणी शिकवलं नाही. भूगोलाच्या नकाशांच्या पुस्तकात बघून मी ते उचललं. त्या पानांचा मला अभिमान होता, आणि आजही आहे, जरी ती पुढं मोडावी लागली.

प्रूफ बघायला गुरुजी आले. बोट ओलं करून एकेक पान उलटू लागले. मी कौतुकाची वाट बघत होते. मध्यावर ते थांबले, एक पान मागं गेले, परत पुढं आले.

"इथं रिकामी जागा होती."

"होती. मी काढली. काहीच नव्हतं तिथं, नुसता कोरा कागद."

"गोमुख होतं."

महादेवाच्या गाभाऱ्यातलं पाणी जिथून भिंतीबाहेर पडतं ते गोमुख. दगड पुढं आलेला, कागद लावता आला नाही, म्हणून गुरुजींनी तेवढी जागा कोरी सोडलेली. मी तिच्या दोन्ही बाजू ओढून एकमेकींना चिकटवल्या होत्या.

"तू गोमुख ओलांडलंस, माय."

आमच्या भागात हे लेकराला बी ठाऊक असतं. महादेवाची फेरी गोल पुरी करत नाहीत. दारापासून निघायचं, गोमुखापर्यंत जायचं, ते ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं परत फिरायचं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण समोर संगणक असला की देऊळ आठवत नाही.

"आन् दुसरं सांगू का? ही फेरी उलटी चाललीय."

मला काही कळेना. त्यांनी मला उठवलं आणि मशीनच्या खोलीच्या भिंतीशी उभं केलं. "देव उजव्या हाताला ठेवून चाल." भिंत उजव्या हाताला ठेवून मी चालले. "आता भिंतीकडं तोंड कर. पुढचं चित्र कुठून येईल?"

डाव्या हाताकडून. फेरीत चित्रं उजवीकडून डावीकडे लागतात, आणि मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे जातं. माझ्या पुस्तकातला माणूस दारापासून निघून उलट्या अंगानं देवळाला फिरत होता आणि वर गोमुख ओलांडत होता.

"उलट्या फेऱ्या मसणात घेतात," गुरुजी म्हणाले.

मी चिडले. मान धरलेली, डोळे चुरचुरत होते. "गुरुजी, पुस्तकातून कुणी चालत नाही. वाचतात."

"तू वाचतीस. मी वाचतो. आमच्या गावातली बाई त्याच्यावर बोट ठेवून फिरणार. एका पानात उलटं दिसलं की म्हणतील, मास्तरला देवच समजत न्हाई तर दगड काय समजतो, घ्या टाइल्स."

देवाचं मला फारसं पडलेलं नव्हतं. पण ज्यांनी बघून थांबावं म्हणून हे पुस्तक, त्यांनीच हसून मिटलं तर माझ्या शिवणी आणि कडा काय कामाच्या?

मालकांना वाटलं हे दोन मिनिटांचं काम. "मॅडम, चित्र आरशासारखं उलटवा की. एक बटन दाबायचं."

"मग ढोलकीवाला डावखुरा होईल," गुरुजी म्हणाले, "आन् महादेवाचा त्रिशूळ भलत्याच हातात जाईल."

"कोण बघतंय गुरुजी?"

"गाव बघतंय. गावाला दुसरं काम काय हाय?"

चाचांनी मात्र मनापासून विचार केला. शिवायला आलेलं एक उर्दू पुस्तक घेऊन आले आणि आमच्यासमोर उजवीकडून उघडलं. पानं बरोबर उलटी उलटत होती, म्हणजे आम्हाला हवी तशी. क्षणभर सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. गुरुजींचे वडील निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, म्हणून गुरुजींना ते पुस्तक हातात घेऊन बरंच वाटलं. मग म्हणाले, "पण चाचा, देवळावर मी लिहिलेला मजकूर मराठीत हाय. तो मागून पुढं वाचायचा का?" चाचा हसले. "वो भी तकलीफ़ है."

गुंडाळी छापखान्यातच ठेवून गुरुजी गेले. जाताना म्हणाले, "बघ काय होतं का. काँक्रीट टाकून झालंय."

रविवारी माझी सुट्टी. झोपायचं ठरवलं होतं, पण सकाळी उठून सेनगावची जीप धरली. मांडीला मांडी, मांडीवर कुणाची तरी पिशवी. तिथून दुसरी जीप. गावात पोचेपर्यंत पाठीचं लाकूड झालं होतं. देवळाजवळ लिंबाखाली टाइल्सचे खोके रचलेले. स्वयंपाकघरात असतात तशा, फुलाफुलांच्या. दाराच्या एका बाजूला मिस्त्रीनं सुरुवात केलीही होती. समितीचे अध्यक्ष तिथंच खुर्ची टाकून बसलेले. साधे गृहस्थ, पांढरी टोपी, कानात ऐकायचं दोरीचं मशीन. मला वाटलं होतं भांडण होईल, त्यांनी पाणी मागवलं.

"हिंगोलीहून आलात? पुस्तकवाल्या बाई का? बसा. कसं दिसून राहिलं? एकदम नवीन वाटतं ना?"

मी म्हटलं, "जुनं आहे ते जुनं वाटलेलं बरं."

"बाई, माझी मंडळी इथंच पडली ना. तेलावरून. खुबा मोडला तिचा." ते रागावले नव्हते. "देवाच्या दारात पडली म्हणून गावाला लई लागलं ते."

गुरुजींचा गुडघा दुखत होता, ते नंदीजवळ बसले. मी एकटी निघाले. देव उजव्या हाताला. गुंडाळीवर पाठ झालेले हत्ती दगडात पाहिल्यावर ओळखीची माणसं भलत्याच गावात भेटावीत तसं झालं. तेलाचा थर इतका की कडेवरचं मूल बोट लावल्यावरच कळलं. दारापासून निघाले, मागची बाजू झाली, कोपरा वळले आणि गोमुखाशी पाय आपोआप थांबले. वर गाभाऱ्यात कुणीतरी अभिषेक करत होतं, पाणी पडत होतं. लहानपणी साखऱ्याच्या देवळात आई हात धरून गोमुखाशीच मागं ओढायची.

परत फिरले. आता देव डाव्या हाताला. दमले होते, म्हणून हळू चालत होते, भिंतीकडे तोंड करून, दोन-दोन पावलांवर टेकत. तेव्हा लक्षात आलं की चित्रं उजवीकडून येऊन राहिली आहेत. एक सरलं की पुढचं उजव्या अंगाला. माझ्या पुस्तकात पान उलटल्यावर येतात तशीच.

मी दाराशी थांबले नाही. आमची आई थांबायची नाही. ती दारावरून तशीच पुढं जायची, गोमुखाच्या दुसऱ्या अंगापर्यंत, आणि तिथून पुन्हा दाराशी. मीही गेले. सबंध ओटा एका दमात, पुस्तकाच्या दिशेनं, आणि गोमुख कुठंच ओलांडलं नाही. पट्टी मी दारापाशी कापली होती, म्हणून सगळं बिघडलं होतं. ती गोमुखापाशी कापायची होती.

नंदीजवळ येऊन मी बसलेच. गुरुजी म्हणाले, "पाणी पी आधी."

"गुरुजी, जाताना तुमचा मजकूर, येताना चित्र."

"म्हंजे?"

"आधी तुमचं लिहिलेलं. दारापासून गोमुखापर्यंत तुम्ही बोलत बोलत वाचणाऱ्याला घेऊन जाता. मग दोन कोरी पानं. तिथून तो परत फिरतो आणि मग सगळी चित्रं, गोमुखापासून गोमुखापर्यंत. परतीची फेरी डावीकडून उजवीकडेच असते."

त्यांनी टाइल्सच्या खोक्यांकडे पाहिलं. मला वाटलं पटलं नाही. मग म्हणाले, "मग मला मजकूर त्या क्रमानं परत लिहावा लागंल."

"लागेल."

"लिहितो."

त्यांनी लिहिला. मी सगळे तुकडे मोडले. एक शिवण सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात, हे काम केलेल्यालाच कळेल. ज्या हत्तींना मी वाचवलं होतं ते खोबणीत गेले, त्यांना काढावं तर कडेवरचं मूल जायला लागलं. ते मूल मी घालवणार नव्हते. शेवटी दोन तुकडे थोडे लहान केले, कुणाला ओळखू येणार नाहीत इतके. मला येतात. मालक कोऱ्या पानांवर अडले. "गिऱ्हाइकाला वाटंल छपाई राहिली." मी म्हटलं, "गिऱ्हाइकच म्हणतंय ठेवा." त्यांनी खांदे उडवले. लग्नसराई होती, मशीन पत्रिकांना लागलेलं. आमचं पुस्तक मागं पडत गेलं. मी रोज म्हणायची, मालक रोज म्हणायचे, "उद्या लावतो, मॅडम."

तिकडून गुरुजी मोबाइलवर फोटो पाठवायचे. खाली काही लिहायचे नाहीत. एका फोटोत दक्षिणेची बाजू फुलाफुलांची झालेली. पुढच्यात मागची. त्यानंतरच्यात मिस्त्री गोमुखाच्या कडेनं टाइल कापून बसवताना. तो नीट काम करत होता, तेवढं मान्य करायला हवं.

पुस्तकं शिवरात्रीच्या आदल्या दिवशी हातात आली. चाचांनी शिवण पक्की केली होती, एकही हत्ती आत गेला नव्हता. मी स्वतः गठ्ठे घेऊन जीपनं गेले. मालक म्हणाले, "तुमचं काम झालं ना, तुम्ही काहून जाता?" जायचं होतं, म्हणून गेले.

देवळात गर्दी. ओटा चकाकत होता. एकही दगड दिसत नव्हता, फक्त गोमुखाचं टोक बाहेर. गुरुजी सभामंडपात पुस्तकांशेजारी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

पण गावानं पुस्तक उघडलं. एक म्हातारी, नात मजकूर वाचून दाखवत होती तिला, ओळींवरून बोट फिरवत चालली होती. कोऱ्या पानाशी नात थांबली. "आजी, इथं काहीच न्हाई." म्हातारी म्हणाली, "गोमुख आलं आसंल." तिनं पान कपाळाला लावलं, उलटलं आणि चित्रांतून परत निघाली. उलटं म्हणून कुणी हसलं नाही. माझं काम बराबर झालं होतं. बाजूला भिंत तेवढी नव्हती.

अध्यक्षांनी पुस्तक उभ्यानंच चाळलं, मग बसून, मग चष्मा लावून.

"मास्तर, एवढं होतं का खाली?"

"होतं."

"ही लेकरू घेतलेली बी?"

"ती बी."

"मंग काहून सांगितलं न्हाई?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं होतं," ते म्हणाले. एवढंच. अध्यक्षांनी कानातलं मशीन चाचपलं, जणू त्याचीच चूक असावी.

टाइल्स काढायचा विषय निघाला तसा बसला. काढताना दगडाचे टवके निघतील, सिमेंट भरलंय, असं मिस्त्री म्हणाला, आणि ते खरं असावं. मी जीपमध्ये बसून परत आले. खिडकीशी जागा मिळाली होती, तरी झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचाच फोन. "बाई, समितीत ठरलंय. ते चित्र सबंध फ्लेक्सवर काढून द्या. ओट्याला लावतो, चारी बाजूंनी. जिथं जे होतं तिथं."

मला हसावं की काय करावं कळेना. दगडावर टाइल्स आणि टाइल्सवर दगडाचं चित्र. मी गुरुजींना फोन केला. समितीचं ठरलेलं सांगितलं.

"उन्हात किती टिकतो तो?" त्यांनी विचारलं.

"फार नाही. रंग उडतो."

"मापात काढ," ते म्हणाले. "जेवढं होतं तेवढं. लहान करू नको."

मी पुस्तकातले सगळे तुकडे बाजूला ठेवले आणि जुनी जोडलेली पट्टी उघडली. शिवण नाही, समास नाही, कड परत दाखवायची नाही. इतकी वर्षं चित्रं लहान करत आले, ही एकच वेळ की काही लहान करायचं नव्हतं. लहान केलेले दोन तुकडेही त्यांच्या मापाला परत गेले, गोमुखाची कोरी जागाही परत आली.

फ्लेक्सवाला खूश. मीच म्हटलं होतं, असं त्यानं निदान तीनदा ऐकवलं. "ताई, आता शुभेच्छुकांचे फोटो कुठं?"

"कुठंच नाही."

"अध्यक्षांचा तरी?"

"नाही म्हटलं ना."

फ्लेक्स मशीनमधून निघत राहिला. दुकान संपलं तसा तो ओसरीवर आला आणि आमच्या छापखान्याच्या दारापर्यंत लांबला. रिंगा ठोकायच्या होत्या आणि एका ठिकाणी कापायचा होता. फ्लेक्सवाला कात्री घेऊन उभा राहिला. "ताई, कुठून कापू? सगळं भरलेलंच आहे."

मी चपला काढल्या, पट्टीच्या कडेकडेनं चालत गेले आणि जिथं काही नव्हतं तिथं बोट ठेवलं.